मनमालीनं कुणाला नेलं नाही

कितुलगोल्ल, ३० मार्च

तिलके मल्ली,

तुझा पत्ता चंद्रकांतीकडून काढून घेतला. देत नव्हती. "ह्यांनी कुणालाच सांगू नको म्हणून बजावलंय, अक्का." मी म्हटलं, मी कुणी परकी आहे का? तो माझा पाठचा भाऊ, एका ताटात जेवलेलो आम्ही. तेव्हा रडायला लागली आणि दिला. त्यावरून बायकोला बोलू नकोस.

काल माझ्या उदेशिकाचं सातव्या दिवसाचं दान झालं. विहारातून भिक्खू आले. फणसाची भाजी, डाळ, परतलेली वांगी केली. तिला आवडायची म्हणून अननसाची आमटीही केली, पण ती मी वाढली नाही, नारळवाल्या गुणवतीनं वाढली. जो तो विचारत होता, पोरीचा मामा कुठंय? कामावर गेला, म्हणून सांगितलं. कुठल्या कामावर, ते मला तरी कुठं ठाऊक होतं. कल्पिटियाला सुक्या मासळीच्या वाडीत मीठ चोळत बसला आहेस, हे आज कळलं.

झुलत्या पुलाखालून तिला पाण्यातून तूच बाहेर काढलंस. शवपेटीचा पुढचा कोपरा तुझ्याच खांद्यावर होता. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून पहिल्या बसनं गेलास. मला न सांगता. मी चुलीशीच बसले होते, हाक मारली असतीस तर ऐकू आली असती.

वीजकंपनीचे वीरक्कोडी साहेब येऊन गेले. मांडव, खुर्च्या, रस्त्याला लावायचे सुतकाचे पांढरे झेंडे, सगळं त्यांनीच पाठवलं होतं. माझे दोन्ही हात धरून, मला बाईसाहेब केल्यासारखं म्हणाले, "निसर्गापुढं माणसाचं काय चालतं, नोना?" पंचनाम्यातही तसंच लिहिलंय. डोंगरात पाऊस होऊन अचानक लोंढा आला.

देवळाचा पुजारी, कपुराळ, मात्र पेटी उचलताना काय म्हणाला ते तूही ऐकलंस, "मनमालीला सोबतीण हवी होती. मुलगी नवरीच्या वेषात तिच्या दारात जाऊन उभी राहिली. आता ती सोडते होय?" बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. धबधब्याच्या वाटेवर कणसं उकडून विकताना मी तरी दुसरं काय सांगत आले? मनमाली म्हणजे राजाच्या काळातली नवरी, मनाविरुद्धचं लग्न, वरातीतून निसटून कड्यावरून घेतलेली उडी. तिचा पांढरा शेला म्हणजे हा धबधबा, आणि अधूनमधून ती एखादी नवरी मागून घेते. इथवर आलं की पाहुणे आणखी एक कणीस मागायचे.

लोक आणखीही काय काय बोलतात. मी लक्ष देत नाही.

बरा आहेस एवढं तरी कळव.

तुझी अक्का,
बिसोमेणिके


१५ एप्रिल

तिलके,

काल नवं वर्ष लागलं. आपल्या घरात दूधभात नाही, तेलाचा दिवा नाही. समोरच्या आवारात बायका रबान, तो मोठा डफ, बडवत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून हात थांबवले, तेव्हा मीच ओरडले, "वाजवा गं, सुतक आमच्या घरात आहे." मग त्या वाजवायला लागल्या, पण जीव लावून नाही.

दुपारी निपुण आला. महियंगणहून दोन बस बदलून. लग्न झालं असतं तर पुढच्या महिन्यात जावई म्हणून आला असता. पार वाळलाय. पडवीत बसला, पाण्याला हात लावेना. मग मीच विचारलं, "नेमकं काय झालं रे? एकदाच सांग. परत नाही विचारणार."

त्यानं सांगितलं ते तुला सांगते.

लग्नाआधीचे फोटो चहाच्या मळ्यातच काढायचे ठरले होते. सकाळी निघताना उदेशिका तसंच म्हणाली होती, तूही ऐकलंस. पण मळ्यात ऊन कडक झालं आणि फोटोवाल्याला काही जमेना. मग तीच म्हणाली, "धबधब्याशी जाऊ या. पाणीच नाहीये, मधल्या खडकापर्यंत चपला न भिजवता जाता येतं." खरंच होतं ते. उन्हाळ्यात सगळा ओढा कंपनीच्या पाइपात जातो आणि मनमालीच्या कड्यावर नुसता ओला ओघळ उरतो. मळ्यातूनच खाली उतरून ती लग्नाच्या पांढऱ्या साडीत खडकावर जाऊन उभी राहिली. निपुण आणि फोटोवाला काठावर होते.

"वरून आवाज आला आई," तो म्हणाला. "मला वाटलं मळ्यात लॉरी आलीय. ती वर बघून हसली. म्हणाली, निपुण, धबधबा चालू झाला! तिला वाटलं, बरं झालं, फोटो छान येतील."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पाण्याला कुजक्या पाल्याचा वास होता," तो म्हणाला. "पावसाच्या पाण्याला तसा वास नसतो. आणि आई, समोर पाहुण्यांसाठी बांधलेला कठडा आहे ना, तिथून टाळ्या ऐकू आल्या. पाणी कड्यावर आलं तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या."

पाऊस नव्हता, तिलके. मी वाटेवर बसलेली होते. माझ्या वाळत घातलेल्या मिरच्या दिवसभर अंगणात होत्या.

आज सकाळी मी वर कंपनीच्या बंधाऱ्यावर गेले. तुझ्या जागी मातळ्याकडचा एक माणूस ठेवलाय. भला आहे, बसायला पोतं अंथरलं. मी म्हटलं, "हे लोखंडी चाक कशाचं?"

"दरवाजाचं, नोना. एरवी सगळं पाणी पाइपात. साहेबांचे पाहुणे आले की थोडा वेळ खाली सोडायचं, म्हणजे त्यांना धबधबा दिसतो."

"आणि तो भोंगा?"

"सोडायच्या आधी वाजवायचा असतो. पण साहेब नको म्हणतात. पाहुणे दचकतात म्हणे."

त्या दिवशी चाकावर कोण होतं ते मी त्याला विचारलं नाही. सकाळी तू माझ्याकडून कणीस घेऊन म्हणाला होतास, "आज कोलंबोचे पाहुणे आहेत, अक्का. मला चाक सोडून हलता यायचं नाही. मला वगळून सगळे फोटो काढू नका हं." उदेशिका म्हणाली होती, "मामाला वगळून काय, मामाचा एकट्याचा काढू."

बंधाऱ्यावरून खालचा डोह दिसत नाही. मी वाकून वाकून पाहिलं. मध्ये वळण आहे आणि झाडी. तिथं कोणी आहे हे तुला कळणं शक्य नव्हतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले, म्हणून लिहितेय. पण नंतर तुला कळलं. तिला उचललंस तेव्हा कळलेलं होतं. आणि माझ्या शेजारी उभं राहून तू कपुराळाचं सगळं ऐकून घेतलंस.

अक्का


वेसाकच्या बुद्धपौर्णिमेनंतर, मे

तिलके,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन आता मला पाहून आपणहून मान हलवतो.

इथं काय चाललंय ते ऐक. कंपनी धबधब्याच्या वाटेवर मोठा दगडी फलक उभारणार आहे, तिन्ही भाषांत. मनमालीची गोष्ट, आणि तिच्या शेवटी उदेशिकाचं नाव. अलीकडच्या काळात मनमालीनं नेलेली नवरी. शेजारी सिमेंटची एक मूर्ती, पांढऱ्या साडीतली. वीरक्कोडी साहेबांनी गावच्या सभेत चित्र दाखवलं. लोक पुढं सरकून सरकून बघत होते.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्या मुलीचं नाव त्यात घालायचं नाही."

साहेब गोड बोलले. "नोना, हा मान आहे. तुमची मुलगी अमर होईल."

"तिला अमर नव्हतं व्हायचं. तिला महियंगणला शिवणाचं दुकान काढायचं होतं."

सभेत कुणी हसलं नाही. गुणवती मागून माझी साडी ओढत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं बिसो, जरा डोकं चालव. मूर्ती झाली तर बसगाड्या येतील. तुझी कणसं, माझे नारळ, सगळ्यांचंच चालेल. गेलेली पोर काही बोलून परत येणारे का?"

"तुझी सुरंगी ठेव त्या फलकावर," मी म्हटलं. बोलायला नको होतं. सुरंगी तिची सून, पोटुशी आहे. तेव्हापासून गुणवती माझ्याकडे बघत नाही.

घरी आले तरी ते चित्र डोळ्यांपुढून हलेना आणि अम्माची आठवण आली. तुला ठाऊक नसेल, अम्मा मनमालीची गोष्ट आम्हा मुलींना वेगळी सांगायची. तुम्ही मुलगे शेतावर गेलात की, शेंगा सोलताना. त्यात नवरी उडी मारत नाही. ती ढोलकऱ्याबरोबर जायला निघालेली असते, आणि कड्याशी तिचे भाऊ तिला गाठतात. ढकलून दिल्यावर खाली येऊन तेच सगळ्यांना सांगतात, तिनं उडी मारली, आम्ही धावलो पण शेला तेवढा हाती आला. "शेला हाती कसा आला, ते नाही कुणी विचारलं," अम्मा म्हणायची. मी तेव्हा लहान होते. विचारलं होतं, मग खरी गोष्ट कुठली? ती म्हणाली, "जी बायका हळू आवाजात सांगतात ती."

मी उगाच लिहीत नाही हे. तू ढकललं नाहीस. पण शेला हातात धरून तू उभा आहेस, तिलके, आणि लोक त्याला धबधबा म्हणतायत.

मी आणि निपुण पोलिसांत जबानी देऊन आलो. तालुक्याला एक वकीलबाई आहेत, त्यांनी प्रकरण पुन्हा उघडायचा अर्ज केलाय. त्या म्हणाल्या, "वास आणि टाळ्या यांवर कोर्टात काही उभं राहत नाही. चाक फिरवणारा माणूस हवा."

अक्का


२ जुलै

तुझं पत्र मिळालं.

"त्या दिवशी मी रजेवर होतो, तापानं पडलो होतो, चाकावर कोण होतं मला माहीत नाही. अक्का, हे सोडून दे, ही मोठी माणसं आहेत."

तापानं पडलेला माणूस सकाळी माझ्याकडून कणीस घेऊन, वर मीठ जास्त मागून गेला?

हे तुझ्या डोक्यातलं नाही. ही वाक्यं कुणीतरी बसून तुला दिलेली आहेत. तुझ्या अक्षरात लिहिलेली आहेत म्हणून मला जास्त लागलं.

उदेशिकाचं तिसऱ्या महिन्याचं दान झालं. यावेळी मामा कुठंय म्हणून कुणी विचारलं नाही.


१९ ऑक्टोबर

तिलके मल्ली,

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. हे शेवटचं सांगणं, मग लिहिणार नाही.

आधी इथलं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी काही लपवलं. माझ्या ठेल्यावर आता कुणी येत नाही. कपुराळानं सांगितलंय की मनमालीला खोटं पाडणाऱ्या बाईच्या हातचं खाल्लं तर कोप होतो. परवा सकाळी गेले तर कणसं उकडायचा हंडा दरीत पडलेला होता. दोघी-तिघी पोरींनी खाली उतरून तो वर आणून दिला, आणि खाली मान घालून निघून गेल्या. हंड्याला पोचे आले आहेत, चालतो.

चंद्रकांती आली होती. अंगणातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर येईना.

"तुमची मुलगी गेली, आता माझा नवराही घालवा," म्हणाली. "तुरुंगात घालतील त्यांना. साहेब सुटतील आणि हे अडकतील. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"कळतं."

"मग? सख्खा भाऊ आहे ना?"

मी म्हटलं, "सख्खी मुलगी होती."

ती खाली बसली आणि खूप वेळ रडली. मग मीच तिला चहा करून दिला. साखर नव्हती, गुळाचा खडा दिला. प्यायली आणि गेली. ती जे म्हणाली ते खोटं नाही, तिलके. वकीलबाईंनीही मला तसंच सांगितलंय. पाणी सोड म्हणून फोन साहेबांचाच आला असणार, हे तू सांगशील आणि साहेब नाही म्हणतील. चाकावर हात तुझेच होते. तू आलास तर बहुधा तुझंच वाईट होईल. तुला फसवून बोलावणार नाही मी.

तरी ये.

का, ते नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे. फलकाचं काम सुरू झालंय. पाया भरलाय. उद्या माझी उदेशिका त्यावर गेली की संपलं. मग ती शिवणकाम करणारी, मीठ-मिरची लावून कच्चे आंबे खाणारी, तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जाणारी उरणार नाही. कुणीतरी नव्या कणीसवालीकडून तिची गोष्ट ऐकेल आणि म्हणेल, अरेरे, काय सुंदर दंतकथा आहे. ती वीस मिनिटांत विसरायची गोष्ट होईल. आणि पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे आले की पुन्हा भोंगा न वाजवता चाक फिरेल, कारण मनमालीनं नेलं म्हटलं की कुणाचं काही चुकतच नाही.

तू तिला पाण्यातून काढलंस. आता इथूनही काढ. माझ्या अंगात तेवढं बळ नाही, नाहीतर तुला सांगितलं नसतं.

अक्का


कितुलगोल्ल, ११ फेब्रुवारी

तिलकसिरी,

हे पत्र बदुल्ल्याच्या तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवतेय. आधी ते उघडून वाचतात म्हणे. वाचू देत.

कोर्टात तू आलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. दाढी पांढरी झालीय आणि हातांना मिठानं भेगा पडल्यात. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान फिरवली, ते तुला दिसलं असेल. मुद्दाम फिरवली असं नाही. आपोआप झालं.

पण तू बोललास तो शब्द न् शब्द मला पाठ आहे. "फोन वीरक्कोडी साहेबांचा होता. म्हणाले, पाहुणे कठड्यावर आलेत, लवकर सोड. मी विचारलं, भोंगा? ते म्हणाले, भोंगा नको. मी सोडलं. मी खाली जाऊन बघायला हवं होतं. माझ्या बहिणीची मुलगी खाली होती." न्यायाधीशांनी विचारलं, आधी खोटं का सांगितलंत? तू म्हणालास, "नोकरीसाठी नाही. अक्कासमोर उभं राहता येईना म्हणून."

मागं बसलेल्या कपुराळानं तेव्हा उठून बाहेर जाणं पसंत केलं. मी पाहिलं.

पुढचं सगळं चंद्रकांती म्हणाली तसंच झालं. साहेबांनी फोन केलाच नाही म्हणून सांगितलं. कठड्यावरचे पाहुणे, ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी एकही आला नाही. साहेबांची बदली झालीय, दुसऱ्या कुठल्या तरी डोंगरात, दुसऱ्या कुठल्या तरी धबधब्यावर. आणि तुला शिक्षा झाली. निकाल ऐकून मला आनंद होईल असं आधी कधी कधी वाटायचं. झाला नाही. बाहेर येऊन वडाखाली बसले आणि तशीच बसून राहिले. निपुणनं उठवून बसमध्ये घातलं.

काय काय बदललं ते तुला कळायला हवं. पंचनाम्यातली पावसाची ओळ खोडली गेली. तिथं आता लिहिलंय, सूचना न देता सोडलेल्या पाण्यानं मृत्यू. भोंगा वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी भाजी चिरत होते, हातातली सुरी टाकून मी डोहावरच्या पोरींना हाका मारत वाटेनं धावत सुटले. आता सवय झालीय. फलक लागला, पण त्यावर जुनीच गोष्ट आहे, उदेशिकाचं नाव नाही. मूर्तीचा पाया तसाच पडून आहे, त्यावर गुणवती नारळ मांडते. परवा मला म्हणाली, "इथं सावली असते, तूही बस." मी अजून गेले नाही. जाईन बहुतेक.

पाहुणे विचारतात, मनमालीची गोष्ट खरी का? मी सांगते, मनमालीचं मला माहीत नाही. पण माझी मुलगी इथं मेली. वरून पाणी सोडलं होतं. सोडणारा माझा भाऊ, सोड म्हणणारा त्याचा साहेब. मग ते कणीस घेत नाहीत. काही जण घेतात आणि तसंच हातात धरून खाली जातात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. चंद्रकांती माहेरी गेली, हे तुला कळलं असेल. ती तुला भेटायला येणार नाही म्हणून तिच्या भावानं सांगितलं. म्हणजे रविवारी डबा घेऊन येणारं तुझं कुणी नाही. ऐकलं तेव्हा मी स्वतःला म्हटलं, मग राहू दे उपाशी. दोन रविवार तसेच गेले. दोन्ही दिवशी मला घास गिळवला नाही.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तसं काही माझ्यात नाही, मी शोधून पाहिलं. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी सकाळी डोळे उघडले की आधी तुझे हात दिसतात, त्या चाकावरचे. हे कधी जाईल ते सांगता येत नाही. कदाचित जाणार नाही.

पण तू आलास. कुणी ओढून आणलं नव्हतं. एवढ्या सगळ्यांत एकटा तू जे घडलं ते तसंच्या तसं बोललास, आणि त्याचीच शिक्षा भोगतोयस. अशा माणसाला तुरुंगाच्या भातावर सोडून मला घरात जेवता येत नाही. बहीण म्हणून नव्हे म्हण हवं तर. मला कारण नीट माहीत नाही.

येत्या रविवारी सकाळच्या बसनं येते. भात, डाळ, नारळाची चटणी आणि मिळाला तर सुका मासा. मासा तुला आता नको असेल तर तसं कळव. जाळीच्या पलीकडे बस आणि जेव. माझ्याकडे बघू नकोस, माझ्याशी बोलू नकोस. मीही बोलणार नाही. तुझं जेवण होईपर्यंत बसेन आणि डबा घेऊन परत येईन.

बिसोमेणिके